आबाजींची घागर

धामणखेडी,
१२ एप्रिल १९५७

चि. भैयाजीस अनेक आशीर्वाद.

तुझं जाड पाकीट सोमवारी मिळालं. तुझ्या शालूबाईंचे गुडघे कसे आहेत? निर्गुडीचा पाला पाठवला होता, तो लावला की मोलकरणीने केराबरोबर फेकला, ते कळव. इथे ऊन चढलं आहे. वाडीतल्या आंब्याला या साली मोहोर मुळातच थोडा होता, त्यातला निम्मा वादळाने नेला. माझी तब्येत बरी आहे. कॉन्व्हेंटात मदर सांगायच्या की पत्राची सुरुवात दुसऱ्याच्या प्रकृतीच्या चौकशीने करावी, पुढे भांडण असलं तरीही. ती चौकशी झाली.

वकिली सोडल्यावर तू शाळांसाठी वर्धा जिल्ह्याची माहिती लिहायला घेतलीस, हे चांगलं केलंस. रिकाम्या वकिलासारखा त्रास नाही. धामणखेडीबद्दल विचारलंस, तर सांगते.

भूगोल आधी. सेलूहून हिंगणीकडे जाताना रस्त्याच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी आपलं गाव आहे. पूर्वेने बोर नदी वाहते. वाहते असं पुस्तकात लिही. चैत्र लागला की ती वाहत नाही. वाळूत हातभर उकरलं की पाणी झिरपतं, त्याला झिरा म्हणतात, हे वर्ध्याच्या मुलांना ठाऊक नसेल. नदीकडची जमीन काळी, डोंगराकडची बरड. कापूस, ज्वारी, तूर. वाड्यांतून वांगी, मिरची, कांदे. रानात साग, तेंदू, मोह. मोहाची फुलं वेचायला आपण पहाटे जायचो, आठवतं? सगळ्या रानाला गुळाच्या ढेपेसारखा वास सुटलेला असायचा. तू दोन फुलं खाऊन झिंगल्याचं सोंग करायचास आणि धुरपताच्या अंगावर लोळण घ्यायचास. तीही तुला खांद्यावर टाकून घरापर्यंत आणायची. मग ती कुंपणापाशी थांबायची आणि तुला परसात उभं करून डोक्यावरून पाणी ओतायचे, कारण धुरपता महारवाड्यातली. तू थंडीने कुडकुडत हसायचास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच खांद्यावर. इतका गोड मुलगा होतास तू. तो कुठे गेला, हे मला खरंच कळत नाही.

इतिहास. भोसल्यांच्या अमदानीत गाव पणजोबांना मिळालं. इंग्रजांनी त्यांना मालगुजार केलं. संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी १८९९ च्या दुष्काळात आपल्या वडिलांनी, आबाजींनी, वाडीतली विहीर खणवली, तिला पाणी लागलं, ते आजवर आटलं नाही. विहिरीबद्दल एवढंच पुरे. पुढे एकोणीसशे एक्कावन्न साली मालगुजारी गेली. तेव्हा सरकार विहिरीसुद्धा घेऊन जाईल असं तुझ्या डोक्यात बसलं आणि तू ही वाडी, विहिरीसकट, माझ्या नावावर चढवलीस. "अक्का, नावापुरतं गं," म्हणालास. मी विधवा, निपुत्रिक, वाडीत एकटी राहणारी. माझ्यासारखं सोयीचं नाव तुला दुसरं कुठून मिळणार? सरकारला विहीर नकोच होती, ते नंतर कळलं.

आता लोक. इथे तू मला काही विचारलंच नाहीस. वाक्य तयारच करून पाठवलंस: "येथील ग्रामस्थ मनमिळाऊ असून सर्व जाती सलोख्याने नांदतात." मी फक्त कोणाची किती घरं ते भरायचं.

मग ऐक. गेल्या दसऱ्याला महारवाड्यातली सगळी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. महारवाडा म्हणायची जिभेला सवय आहे, धुरपता दर वेळी टोकते, "बौद्धवाडा म्हना, बाई." आल्यावर त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. होळीची लाकडं आणणार नाही म्हणून सांगितलं. गावाने त्यांना काम देणं बंद केलं. दुकानदाराने मीठ बंद केलं. आणि माघापासून महादेवराव पाटलाने आपल्या शेतातून झिऱ्याकडे जाणारी वाट बोराटीच्या काट्यांनी बुजवली. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून आहे. तिकडून बायका पाणी आणू लागल्या. धुरपताची सून, सातव्या महिन्याची पोटुशी, त्या वाटेवर घसरली. मूल गेलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीचं फाटक उघडलं.

महादेवराव स्वतःच्या डोक्याने वाट बुजवील असा माणूस नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आज नाव घेत नाही.

पाकिटात दुसरा कागद होता, विहीर तुझ्या नावे परत करण्याचा. सही कुठे करायची तिथे तू पेन्सिलीने फुलीसुद्धा करून दिलीस, जशी मी अंगठेबहाद्दर आहे. तो कोराच परत पाठवते आहे. पुस्तकातलं ते वाक्य बदल.

तुझी,
अक्का

⁂

धामणखेडी,
२४ एप्रिल १९५७

चि. भैयाजीस आशीर्वाद.

या वेळी तुझं पत्र रजिस्टरने आलं. पोस्टमनने वाडीत पाय टाकला नाही, कुंपणावरून सही घेतली. गावात तुझा हुकूम असा चालतो हे पाहून आबाजींना बरं वाटलं असतं.

तू लिहितोस की मी गावाच्या एकोप्यात विष कालवते आहे, की नन्सनी मला बिघडवलं, की म्हातारपणी मला मोठेपणाची हौस सुटली आहे. नन्सचं म्हणशील तर त्या मला फ्रेंच शिवण शिकवत होत्या, दुसरं फारसं काही नाही. पण तिथे बारा गावच्या मुली एकाच माठातलं पाणी प्यायच्या आणि कोणी मेलं नाही, एवढं मी पाहिलेलं आहे.

मोठेपणाची हौस मात्र खरी असेल. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, धुरपता येईल, डोळ्यांत पाणी आणील, दोन शब्द बोलेल. ती आली, दोर तपासला, कप्पी तपासली, म्हणाली, "दोर सडला हाये. बदला." मी म्हटलं, "बदलते. बाकी ठीक ना?" तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "काऊन, बाई? इहीर उघडली म्हून रोज तुमच्या पाया पडाचं हाये का? पडाचं असन त सांगा, मंग आमी डोंगराकडूनच जातो." मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रात्रभर मला तिचा राग आला. सकाळी नवा दोर आणवला.

तुझी बातमी तुला मिळतच असेल, तरी सांगते. माळ्यांनी वाडीचं काम सोडलं. वीस वर्षं जी तानाबाई माझी वांगी, मिरच्या सेलूच्या बाजारात विकत होती, ती कुंपणाबाहेर उभी राहून म्हणाली, "तुमच्या वांग्याले हात लावला त माया पोरीचं लगन मोडन, बाई. पाटलानं सांगून ठेवलं हाये. त्या इहिरीले जो दोर लावन त्याले दंड, अन् सोयरीक बंद." ती रडत होती. मी तिला दोष देत नाही. मग टोपली घेऊन मी स्वतः बाजारात बसले. एक म्हातारा आला, वांगी हातात घेऊन पाहिली, भाव विचारला, तेवढ्यात कोणी तरी त्याच्या कानाशी लागलं. त्याने वांगं ठेवलं आणि हात धोतराला पुसला. हात पुसला, भैयाजी, माझ्यासमोर. आबाजींच्या मुलीची भाजी.

आता महारवाड्यातलीच माणसं वाडी पाहतात. बौद्धवाड्यातली.

तू धमकी दिलीस ती वाचली. बारा मेच्या रविवारी गावाची बैठक बोलावतोस, वर्ध्याहून येतोस, चार लोकांसमोर विहीर बाटली असं ठरवतोस आणि नंतर दगड-काटे टाकून ती बुजवून टाकतोस. नाव माझं असलं तरी खानदानाची विहीर आहे म्हणतोस. बरं. ये.

फक्त मध्ये अकिती आहे, तुझ्या पंचांगातली अक्षय्य तृतीया, त्याचा विचार केलास का? अकितीला प्रत्येक घर आपल्या पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतं. आबाजींची घागर याच विहिरीची भरायची, हे त्यांनी मरताना तुझा हात धरून सांगितलं होतं. एका वर्षी तू आळस केलास, वर्ध्याच्या नळाची भरलीस. मग महिनाभर स्वप्नात आबाजी रिकामा गडू घेऊन तुझ्या ओट्यावर उभे दिसत होते. तूच येऊन, माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलंस. तेव्हा पन्नाशीला आला होतास. मी तुझ्या केसांतून हात फिरवत बसले होते.

यंदा तू लिहितोस, "सगळं पाणी गंगेचंच. त्या विहिरीचा थेंब माझ्या घरात येणार नाही." शहाणा झालास. आबाजींनाही तसं समजावून सांग.

तुझी,
अक्का

⁂

धामणखेडी,
४ मे १९५७

चि. भैयाजी,

अकिती परवा झाली. इथे दुपारी पावसाचे चार थेंब आले आणि धुळीचा वास उठला, बाकी काही नाही. नदी पूर्ण कोरडी. महादेवरावाच्या बैलाला लू लागली असं ऐकते. शालूबाईंनी चिंचेचं सार आणि पुरणपोळी केली असेलच. आबाजींना सार आवडायचं. ते पानाला बसताना आधी पाण्याचा तांब्या शोधायचे, पान नंतर.

घागर कशी झाली, ते तू मला लिहिणार नाहीस. म्हणून मी लिहिते.

तुझा सालदार चिंधू बुधवारी संध्याकाळच्या मोटारीने हिंगणीला उतरला आणि कुठे तरी निजला. गुरुवारी उजाडता उजाडता तो माझ्या वाडीच्या कुंपणाआड बसला होता. सोबत तांब्याची घागर, तोंडाला पांढरं फडकं. ही घागर मी ओळखते. तिच्या काठाला पोचा आहे.

विहिरीवर बायका होत्या. त्यांचाही सण होता, नसला तरी पाणी हवंच होतं. चिंधू त्या जाण्याची वाट पाहत बसला. एक गेली की दुसरी यायची. मी पडवीत चहा घेत होते. मला तो दिसत होता, त्याला मी दिसत नव्हते. हिंगणीहून वर्ध्याची पहिली मोटार सकाळी जाते, ती चुकली तर तुझी पूजा चुकणार. शेवटी तो उठला आणि काठापाशी आला. आणि तिथे थांबला.

कारण त्याला पाणी काढता येत नव्हतं! त्या विहिरीला दोर लावील त्याला दंड, सोयरीक बंद. चिंधूच्या मुलाचं लग्न ठरलेलं आहे. हा नियम ज्याने केला त्यानेच त्याला पाण्याला पाठवलं होतं. एवढा मोठा वकील तू, आणि आपल्याच माणसाने दोर कसा धरावा, हे तुझ्या ध्यानात आलं नाही.

धुरपता दोर ओढत होती. तिने मान न वळवताच विचारलं,

"काऊन रे चिंधू, सकायीच इकडं? कोनासाठी नेतं पानी?"

"कोनासाठी नाई."

"घागर हातात घेऊन हवा खाले आला का?"

बायका हसल्या. चिंधू म्हणाला, "सायबानं धाडलं."

"तुया सायबाच्या घरी नळ हाये म्हन्ते ना? अन् आमची इहीर त बाटली हाये."

"मावशी, नको वं तंगवू. मोटार चुकन माई." मग अगदी हळू म्हणाला, "आबाजीची घागर हाये."

धुरपताने दोर थांबवला. पोहरा अर्ध्यावर लटकत राहिला.

इथे मला तुला ते सांगायला हवं, जे मी पहिल्या पत्रात "एवढंच पुरे" म्हणून टाळलं. आबाजींवर माझा जीव होता. त्यांनी मला शिकवलं, लोक हसले तरी नागपूरला ठेवलं. त्यांच्याविषयी वाकडं लिहायला माझा हात वळत नाही. पण विहीर त्यांनी खणली नव्हती. छप्पनच्या दुष्काळात पसाभर ज्वारीवर ती महारवाड्याने खणली. धुरपताचा बाप त्यांत होता. पाणी लागलं त्या दिवशी आबाजींनी नारळ फोडला, पूजा केली आणि खणणाऱ्यांना वर काढून सांगितलं, "आता या दोराला हात लावायचा नाही." ते तहानलेले होते. पाण्याच्या पहिल्या दिवशी त्यांनी झिऱ्याचं पाणी प्यायलं. मी तेव्हा पाळण्यात होते आणि धुरपताही. तिला तिच्या आईने सांगितलं. मला आपल्या आईने सांगितलं, पण ते आबाजींच्या शहाणपणाची गोष्ट म्हणून.

धुरपता पडवीकडे वळली. तिला मी तिथे आहे हे पहिल्यापासून माहीत होतं.

"बाई, आबाजीची घागर म्हन्ते हा. देऊ का भरून?"

मी उठून ती घागर भरू शकत होते. मी मुलगी आहे, विहीर माझी आहे, मला कोण दंड करणार? चिंधूने माझ्याकडे जे तोंड करून पाहिलं, ते मी विसरणार नाही. त्याला हेच हवं होतं. तू तिथे असतास तर तुलाही हेच हवं असतं. मी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "दे."

"म्या काई पायलं नाई," चिंधू म्हणाला आणि विहिरीकडे पाठ करून उभा राहिला.

"डोये बी मिट," एक पोरगी म्हणाली, "नाई त डोये बाटन तुये."

त्याने खरंच मिटले.

धुरपताने फडकं सोडलं, घागर आतून दोनदा विसळली, मग काठोकाठ भरली. भरताना ती काही तरी म्हणत होती. मला वाटलं, आबाजींना शिव्या देत असेल, आणि तिने दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. मी जवळ गेले. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमच्या बापाले आबाजीनं पानी देल्लं नाई. आबाजीले आमी देऊन राह्यलो. पी बावा, पोटभर पी." मग फडकं घट्ट बांधलं आणि चिंधूच्या पाठीला घागर टेकवली. "घे. सांडजो नोको. सायबाले सांगजो, धुरपतानं भरली."

"असं कसं सांगू, मावशी?"

"नोको सांगू मंग. बाई सांगन."

म्हणून सांगते आहे. चिंधूवर राग काढू नकोस. तो घागर मांडीवर घेऊन वर्ध्यापर्यंत बसून गेला असेल, थेंब सांडू न देता. त्याला कामावरून काढलंस तर तो माझ्या वाडीत येईल आणि त्याला मी ठेवून घेईन.

तू त्याच घागरीतून आबाजींच्या नावाने पाणी सोडलंस. त्यातलंच तुम्ही सगळ्यांनी पाटावर बसून तीर्थ म्हणून घेतलं असेल, मुलांनीसुद्धा. शालूबाईंना हे वाचून दाखवू नकोस, त्या घाबरतील. त्यांचा काही दोष नाही. तू मात्र नीट वाच, दोनदा वाच.

बारा तारखेला बैठकीला अवश्य ये. मीही येते. बायका बैठकीत बसत नाहीत हे मला ठाऊक आहे, मी उभी राहीन. धुरपता माझ्या शेजारी उभी राहील. तू भाषण कर, विहीर बाटली म्हण, खानदान म्हण, जे म्हणायचं ते म्हण. मग मी सगळ्या गावासमोर तुला एकच गोष्ट विचारीन: अकितीला आबाजींना पाणी पोचलं की नाही?

नाही पोचलं म्हणालास, तर तुझे वडील तुझ्या दारातून तहानलेले गेले, हे तुझ्या तोंडून गाव ऐकेल. पोचलं म्हणालास, तर पाणी चांगलं आहे, विहीर चांगली आहे आणि भरणारीचा हातही चांगला आहे. मग तिथून उठून महादेवरावाला घेऊन त्या वाटेवर जा आणि बोराटीचे काटे स्वतःच्या हाताने ओढून काढ. धुरपताची सून अजून अंथरुणाला खिळली आहे. तिला त्या वाटेवरून जाताना पाहायचं आहे मला.

तिसरं उत्तर तू शोधशील. वकील आहेस. पण रात्री आबाजी ओट्यावर येतील तेव्हा ते त्यांना सांगता येईल असं असू दे.

लहानपणी तू चुकलास की मी खोटं बोलून तुला वाचवायची. आबाजींची छडी माझ्या हातावर घ्यायची. तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाहिलं की माझा सगळा राग जायचा. बैठकीत मी तुझ्या डोळ्यांत पाहणार नाही, हे आत्ताच ठरवून ठेवते आहे.

पत्राच्या शेवटी मी नेहमी "तुझी अक्का" लिहिते. बारा तारखेचं तुझं उत्तर ऐकेपर्यंत, नुसतीच

मनकर्णा